सोनाबाईची माती

सोनाबाई सर्वगोड चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसायची. दाराजवळचा तो बाक, त्याच्यावरचा पंखा बारा महिने बंद. तरी तिनं जागा कधी बदलली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट एका बाकावरून दुसऱ्या बाकावर येत येत शेवटी तिच्यापाशी पोचायचं. ती ते दोन्ही हातांनी घ्यायची, घटकाभर मांडीवर ठेवायची आणि तसंच वाढणाऱ्याच्या हातात परत द्यायची. द्राक्षरसाच्या पेल्यालाही तिनं कधी ओठ लावला नाही.

तिचा एकुलता एक मुलगा श्रीमंत लहान असताना तिच्या शेजारी बसायचा. त्यानं दोन-तीनदा विचारलं होतं, "आई, तू का घेत न्हाईस?"

"पोट बरं न्हाई," ती म्हणायची.

दर महिन्याच्या पहिल्याच रविवारी आईचं पोट कसं बिघडतं, हे त्याला कळायचं नाही. पुढं तो रेल्वेत लागला, रविवार ड्युटीत जायला लागले, आणि चर्चला जाणं हळूहळू बंदच झालं. मग विचारायचंही राहून गेलं.

श्रीमंत होटगी स्टेशनवर पॉइंट्समन होता, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारा. त्याचे वडील नागनाथ रेल्वेत गँगमन होते. तो दहा वर्षांचा असताना रुळावर काम करता करता गेले. सोनाबाईनं एका दवाखान्यात आया म्हणून काम करून त्याला वाढवलं, आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला वडिलांच्या जागी नोकरी मिळाली. सोलापुरात दोन खोल्यांचं घर झालं. बायको विशाखा बौद्ध घरातली. लग्न रजिस्टर पद्धतीनं केलेलं. ती पौर्णिमेला विहारात जायची, सोनाबाई रविवारी चर्चला. सासू-सुनेचं मिठावरून वाजायचं, झाडूवरून वाजायचं, पण देवावरून एकदाही वाजलं नाही. श्रीमंत ना इकडं जायचा ना तिकडं. कुणी विचारलंच की तुम्ही कोण, तर तो म्हणायचा, "आमी रेल्वेवाले." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

कागदावर मात्र तो 'हिंदू महार' होता. शाळेच्या दाखल्यावर तसं, जातीच्या दाखल्यावर तसं, आणि आता मुलीच्या दाखल्यावरही तसंच. मुलगी प्रतिक्षा यंदा बारावी झाली होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडले होते. खुल्या जागेवर सरकारी कॉलेज मिळावं इतके नव्हते, राखीव जागेवर नक्की मिळावं इतके होते. फक्त जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी श्रीमंतनं मूळ गावच्या, माढ्याच्या शाळेतून आपल्या आजोबांचा जुना दाखला काढून आणला. त्यावरचं अक्षर पुसट होतं, म्हणून समितीनं चौकशी लावली. दक्षता पथकाचे अधिकारी घरी येऊन माहिती घेतील, असं पत्र आलं.

त्याच आठवड्यात सोनाबाईला दवाखान्यात न्यावं लागलं. ब्याऐंशी वर्षांचं वय, हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी विशाखा डबा आणायला घरी गेली होती. श्रीमंत एकटाच कॉटजवळ बसून फोनवर एका मित्राशी बोलत होता. "व्हय, व्हॅलिडिटीचंच. घरी येणारेत. काय न्हाई रे, चार प्रश्न विचारतेत अन् जातेत."

फोन ठेवून त्यानं बघितलं तर आई डोळे उघडून त्याच्याकडंच बघत होती.

"काय इचारनार हायती?"

"काय न्हाई गं. आपली जात, कुळ, देव, सण. तू पडून ऱ्हा."

"देव बी इचारत्यात?"

"विचारतेत म्हणं."

सोनाबाईनं पाणी मागितलं, दोन घोट प्याली आणि म्हणाली, "खुर्ची जरा फुडं घे. तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

तिचा आवाज बारीक झाला होता. श्रीमंतला वाकून ऐकावं लागत होतं.

"तुजा बाप गेला त्या साली तुला हितं पाचवीला घालायचं हुतं. वसतिगृह पायजे हुतं, मी रातपाळीला गेल्यावर तुला कोन बगनार? हेडमास्तर चांगला मानूस हुता. म्हनला, बाई, ख्रिस्ती लिवलं तर वसतिगृह मिळायचं न्हाई, फी बी माफ व्हायची न्हाई. ख्रिस्ती झाला म्हंजी जात गेली, असं सरकार म्हनतंय. म्या म्हनलं, साहेब, माढ्यात तर कुनाला आमची जात गेलेली दिसली न्हाई. घर हुतं तितंच हाय, पानी अजून वरनंच वाढत्यात. त्यो म्हनला, ते मला कळतंय, पर फारमाला कळत न्हाई. पेन टेकवून माज्याकडं बगत बसला. मागं मानसं रांगंला हुती. म्या म्हनलं, लिवा मंग. हिंदू लिवा."

"मग त्यात काय झालं, आई? सगळेच लिवतेत."

"सगळ्यांचं मला ठावं न्हाई. तुज्या बापानं आन् मी चर्चात मंडळीफुडं हुबं ऱ्हाऊन त्ये नाव घेतलं हुतं. कुनी वडत नेलं न्हवतं आमाला. आन् मी त्ये एका फारमावर सोडलं." ती थांबली. श्वास घेऊन पुन्हा म्हणाली, "फुडच्या रविवारी भाकरीचं ताट आलं. माजा हातच उठंना. पाळकानं नको म्हनलं न्हवतं, कुनाला ठावंच न्हवतं. म्हनलं, पोराचं शिक्शान हुईस्तवर थांबावं. शिक्शान झालं, नोकरी लागली, लगीन झालं. मंग वाटलं, आता कोंच्या तोंडानं घ्यावं."

श्रीमंतनं मनात हिशोब केला. त्रेचाळीस वर्षं. दर महिन्याला एकदा.

"पोट बरं न्हाई म्हणायचीस," तो म्हणाला.

"मग पोराला काय सांगू?"

"आता मी काय करू, आई? प्रतिक्षाच्या वेळंला मी काय लिवू?"

सोनाबाईनं मान हलवली. "त्ये मला इचारू नगंस. मला सांगायचा हक न्हाई. तुज्यासाटी केलं त्ये पुन्यांदा करशील का म्हनशील, तर करीन बी. दुसरा आधार काय हुता मला? पर मी केलं त्ये बरं केलं, असं मी देवाला कदी म्हनले न्हाई."

एवढं बोलून ती भिंतीकडं कुशीला वळली. विशाखा डबा घेऊन आली तेव्हा तिला झोप लागली होती. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. गुरुवारी सकाळी गेली.

दुपारी बाराच्या आत माणसं गोळा झाली. माढ्याहून श्रीमंतचा चुलतभाऊ दिपक गाडी करून आला, भावकीतली सात-आठ जणं बरोबर. विशाखाच्या माहेरची माणसं आली. चर्चमधल्या बायका आल्या आणि सोनाबाईच्या उशाशी बसून हलक्या आवाजात गीत म्हणू लागल्या. चर्चचे पाळक भालतिलक दारापाशी चप्पल काढून उभे राहिले. ते साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. एका छोट्या गल्लीत एकीकडं पांढऱ्या कपड्यातली माढ्याची माणसं आणि दुसरीकडं चर्चची मंडळी, आणि सगळे श्रीमंतच्या तोंडाकडं बघत होते. माती कशी करायची, हे त्यानं सांगायचं होतं.

"श्रीमंत, तू सांगशील तसं," पाळक म्हणाले. "आमचा आग्रह नाही."

दिपकनं त्याला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं. "दादा, चुलती चर्चची होती ते मला माहीत हाय. पण पोरीची फाईल समितीत हाय. दफन केलंस की कागद तयार होतो, त्यात धर्म लिवावा लागतो. उद्या चौकशीवाला तोच कागद पुढं ठेवील. आपल्या रीतीनं करू. वंदना म्हणू, अग्नी देऊ. भन्तेजींना मी फोन करून ठेवलाय."

विशाखाही तिथं आली. रडून तिचे डोळे सुजले होते. "अहो, भाऊजी म्हणतात ते ऐका. आईंचा जीव होता हो पोरीवर. त्यांनीसुद्धा हेच सांगितलं असतं."

श्रीमंत आत गेला. बायकांनी त्याला जागा करून दिली. आईच्या अंगावर तिची पांढरी, निळ्या काठाची साडी होती. चर्चला जाताना ती हीच नेसायची. प्रतिक्षा आजीच्या पायाशी डोकं गुडघ्यात घालून बसली होती. श्रीमंतनं आईचा हात हातात घेतला. धुणी आणि बेडपॅन धुऊन धुऊन तिची नखं वाकडी झाली होती. तो हात थंड होता आणि हलका होता. आईनं आपल्याजवळ काही मागितलं नाही, हे त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. शेवटच्या दिवसांत तिनं एक शब्द टाकला असता, मला तिकडं नेऊन ठेव म्हणाली असती, तर त्यानं तो पाळला असता किंवा मोडला असता. तिनं त्याला मोकळं सोडलं होतं, आणि ते फार जड जात होतं.

तो उठला आणि बाहेर येऊन पाळकांना म्हणाला, "पेटी सांगा. आईला आपल्या दफनभूमीत न्यायचंय."

दिपकनं मान फिरवली. विशाखा भिंतीला टेकून खाली बसली.

चर्चच्या कचेरीत पाळकांनी फॉर्म पुढं सरकवला. मयताचं नाव, वय, पत्ता, आणि चौथा रकाना धर्माचा. श्रीमंतनं 'ख्रिस्ती' असं लिहिलं. लिहिताना 'ख्रि' नीट जमला नाही, परत गिरवावा लागला. तिथंच त्यानं पाळकांना आईनं दवाखान्यात सांगितलेली सगळी हकिगत सांगितली.

भालतिलक पाळकांनी चष्मा काढला. "एकोणीस वर्षं मी या मंडळीत आहे," ते म्हणाले. "ताट परत यायचं ते मी दर वेळी बघायचो. मला वाटायचं, बाईंना काही पथ्य असेल. श्रीमंत, मी एकदा तरी त्यांच्या घरी जाऊन विचारायला हवं होतं. एकदा तरी."

पेटी उचलायच्या वेळी दिपक पुढं आला. पुढची बाजू त्यानंच खांद्यावर घेतली, आणि माढ्याच्या माणसांनी दफनभूमीपर्यंत कुणाला खांदा बदलू दिला नाही. प्रार्थना झाली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माती टाकल्यावर दिपक हात झटकत म्हणाला, "चुलतीचं तू केलंस, ठीक हाय. आता पोरीचं बघ म्हंजी झालं."

दक्षता पथकाचे अधिकारी वीस दिवसांनी आले. बसवराज म्हेत्रे त्यांचं नाव. पन्नाशीचे, अंगानं भरलेले, काखेत वही आणि छापील प्रश्नावली घेतलेले. दुपारचं ऊन होतं. विशाखानं पाणी दिलं, चहा टाकला. आदल्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली होती, "आईंची माती तुम्ही केली, ती त्यांची होती, मी तोंड उघडलं नाही. पण उद्या जास्त बोलू नका. मी हात जोडते." श्रीमंत "बघू" एवढंच म्हणाला होता.

म्हेत्रे एकेक प्रश्न विचारून लिहून घेत होते. मूळ गाव? माढा. आजोबांचा धंदा? गावकीची कामं, मग मजुरी. कुलदैवत?

"आजोबा खंडोबा म्हणायचे. आमी कधी गेलो न्हाई."

"लग्न कोणत्या पद्धतीनं?"

"रजिस्टर."

"घरात अलीकडं कुणाचं निधन?"

"आई गेली. वीस दिवस झाले."

"अरेरे." म्हेत्रेंनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग विचारलं, "अंत्यविधी?"

श्रीमंतनं आतल्या दाराकडं बघितलं. स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज चालला होता, तो थांबला.

म्हेत्रेंनी पेन तसंच हवेत धरलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "सर्वगोड, मी शेजारी दोन घरं विचारून मगच तुमच्याकडं आलोय. या नोकरीत बावीस वर्षं झाली. कोण लबाडी करतंय आणि कुणाची खरंच परिस्थिती आहे, ते मला बसल्या जागी कळतं. मी इथं 'समाजाच्या रीतीप्रमाणे' असं लिहितो. तेवढं पुरतं. मलाही मुलगी आहे."

आणि पेन कागदाकडं खाली आलं.

श्रीमंतला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, खोटी सही सुद्धा आत्ता करायची नव्हती. गप्प बसायचं, चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं, इतकंच. आईला शाळेत निदान तोंडानं सांगावं तरी लागलं होतं. त्याला तेवढंही करायला कुणी सांगत नव्हतं. समोरचा माणूस चांगला होता, हेडमास्तर चांगला होता तसाच. प्रतिक्षाचं डॉक्टर होणं त्या दोन-तीन शब्दांवर आलं होतं.

"साहेब, थांबा," तो म्हणाला.

म्हेत्रेंनी वर बघितलं.

"माती ख्रिस्ती दफनभूमीत झाली. आई ख्रिस्ती होती. वडील बी."

"आणि तुम्ही?"

हा प्रश्न त्याला असा समोर बसून कधी कुणी विचारला नव्हता. त्याला वाटलं, हो म्हणण्याचा तरी मला काय अधिकार? पंचवीस वर्षांत मी आत पाऊल टाकलं नाही. निम्म्या प्रार्थना विसरलोय. कुणासाठी काही केलं नाही, कुणाला माफ केलं नाही, रविवारी डबल ड्युटी घेतली. मी ख्रिस्ती म्हटलं तर तीही एक लबाडीच होईल की काय? पण मग आईच्या मांडीवरचं ताट त्याला आठवलं. जे आपलं नाही ते हरवल्याचं दुःख माणूस त्रेचाळीस वर्षं करत नाही. तिनं त्याच्यासाठी सोडलं, म्हणजे ते त्याचंही होतं.

"मी बी," तो म्हणाला. "लहानपणी बाप्तिस्मा झालाय. नाव मंडळीच्या रजिस्टरात हाय. मी चांगला ख्रिस्ती न्हाई, साहेब. पण दुसरा कोण बी न्हाई मी."

"हे लिहिलं की काय होतं, तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये."

"मुलीला विचारलंय?"

श्रीमंतनं मागं वळून बघितलं. प्रतिक्षा आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हेत्रेंनी तिच्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि लिहायला लागले. सही घेतली, चहा तसाच ठेवून निघाले. जिन्यात थांबून म्हणाले, "इतकं सरळ सांगणारा माणूस मी फार कमी वेळा बघितला. पण मला याचा आनंद झाला, असं मी म्हणणार नाही."

संध्याकाळी कुणी जेवलं नाही. प्रतिक्षा बापासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, आणि श्रीमंतला त्याचंच जास्त भय वाटलं.

"आजीनं तुमच्यासाठी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी खरं सांगितलं. मला कुणी विचारलं? मी दोन वर्षं पहाटे चारला उठले, पप्पा. मी काय आहे, हे तुम्ही दोघांनीच ठरवलं."

"चुकलं माझं," श्रीमंत म्हणाला. "तुला विचारायला पायजे होतं."

"विचारलं असतं आणि मी नको म्हटलं असतं, तर गप्प बसला असता?"

"ठावं न्हाई," तो म्हणाला.

त्यानंतर ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. काही हवं असलं की आईला सांगायची. समितीचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. दावा अमान्य. प्रवेशाच्या फेऱ्या एकामागून एक संपत गेल्या.

श्रीमंत पुन्हा चर्चला जायला लागला. आईच्या जागेवर न बसता तो मध्ये कुठंतरी बसायचा. त्याला वाटलं होतं, आपलं नाव आपण उघड सांगितलंय, तर निदान इथं तरी हलकं वाटेल. पण दुसऱ्याच रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीचे एक पंच, महेश्वर आढाव, त्याला बाजूला घेऊन गेले.

"तुझ्या जबाबात रजिस्टराचा उल्लेख केलास म्हणे," आढाव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "उद्या ते रजिस्टर मागवून घेतलं तर? माझी दोन्ही मुलं नोकरीत आहेत. या बाकांवर बसलेल्यांपैकी किती घरांत दोन-दोन कागद आहेत, तुला माहीत नाही?"

"मी कुणाचं नाव घेतलं न्हाई, आढावसाहेब."

"स्वतःचं घेतलंस. तेवढ्यानं सगळ्यांची दारं उघडी पडली."

त्यानंतर त्याच्या बाकावर शेजारी बसायला लोक टाळू लागले. समोरून आले तर नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. श्रीमंतला त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती तो चांगली ओळखत होता. तीच तर त्याच्या घरात दोन पिढ्या राहिली होती. फक्त एवढंच त्याच्या ध्यानात आलं की हे नाव घेतलं म्हणून आपल्याला आपली माणसं मिळतील असं काही नाही. पाळक भालतिलक मात्र एका बुधवारी घरी आले, विशाखाच्या हातचा चहा घेतला आणि तासभर बसून सोनाबाईबद्दल विचारत राहिले. त्या काय खायच्या, दवाखान्यात कुठल्या वॉर्डात होत्या, कुणाशी भांडायच्या. विशाखानंच जास्त सांगितलं. बोलता बोलता ती हसलीही.

माढ्याहून दिपक ज्वारीचं पोतं घेऊन आला. बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, वस्तीत म्हणतेत, श्रीमंत आपल्यातनं गेला. मी म्हटलं, गेला कुटं? त्याच्या बापानं ज्या विहिरीबाहेर हुबं ऱ्हाऊन पाणी मागितलं, तिथंच माझा बाप बी हुबा होता. देव बदलला म्हणून विहिरीनं काय त्याला येगळं वळखलं? कायदाच आंधळा हाय. पण तू कायद्याशी भांडायचं सोडून पोरीचं सीट दिलंस. ते मला अजून पटत न्हाई."

"मला बी सगळं पटलेलं न्हाई," श्रीमंत म्हणाला.

"मग केलंस कशाला?"

"त्यांनी विचारलं, दिपक. आई जन्मभर एक गोष्ट मनात घेऊन ऱ्हायली, चर्चात तिला कुणी एकदा बी विचारलं न्हाई. मला विचारलं."

दिपकनं मान हलवली, पण पुढं वाद घातला नाही. ज्वारी कुठल्या रानातली हे सांगून तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

प्रतिक्षानं सप्टेंबरमध्ये आपलं आपण ठरवलं. खुल्या जागेवर तिला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. पुढल्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हे तिथं गेल्यावर बघू, असं तिनं आईला सांगितलं. बापाला तिनं फॉर्म फक्त सहीसाठी दाखवला. धर्माचा रकाना तिनं मोकळा सोडला होता. श्रीमंतनं काही न विचारता सही केली.

निघायच्या दिवशी स्टेशनवर गाडीला वेळ होता. विशाखा पाण्याची बाटली भरायला गेली, आणि बाप-लेक सामानापाशी उभे राहिले. प्रतिक्षाच पहिल्यांदा बोलली.

"पप्पा, मी अजून रागावलेली आहे."

"ठावं हाय."

"आजीवर नाही. तुमच्यावर."

"व्हय."

ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "तिथं मुली विचारतील. सर्वगोड म्हणजे कोण? तू कोण? मी काय सांगू?"

श्रीमंतला उत्तर देण्याचा मोह झाला. उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते मिळवायला त्याला फार मोल द्यावं लागलं होतं; ते पोरीच्या हातावर ठेवावं असं कुठल्याही बापाला वाटलं असतं. पण त्यानं स्वतःला आवरलं.

"माझं म्हणून काही सांगू नगंस," तो म्हणाला. "आजीचं म्हणून बी नगं. तुला जेव्हा वाटंल तेव्हा सांग. न्हाई वाटलं तर नगं सांगू. फक्त सांगशील ते तुझं असू दे."

गाडी आली. विशाखानं डबा, बाटली आणि लाडवांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि पोचल्या पोचल्या फोन करायचं तिसऱ्यांदा बजावलं. गाडी हलली तशी ती खिडकीचा गज धरून दोन-चार पावलं चालत गेली. प्रतिक्षानं आईच्या हातावर हात ठेवला. मग तिनं मागं वळून बापाकडं बघितलं आणि मान हलवली. ते निरोपाचं होतं की कबुलीचं, हे श्रीमंतला सांगता आलं नसतं.

प्लॅटफॉर्म मोकळा झाल्यावर विशाखा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चला. चार वाजता ड्युटी आहे ना तुमची?"

"हाय."

"मग दोन घास खाऊन जा."

दोघं पुलाचा जिना चढायला लागले. अर्ध्यावर विशाखाला दम लागला, तेव्हा श्रीमंत तिच्यासाठी थांबला.